इंग्रजीतील स्थलदर्शक व दिशादर्शक शब्दयोगी अव्यये : अध्यापनाची दिशा

इंग्रजीच्या वह्या तपासताना ज्या शब्दांखाली तांबडी रेघ वारंवार ओढावी लागते ते शब्द मोठे किंवा अवघड नसतात. ‘इन’, ‘ऑन’, ‘ॲट’, ‘टू’ असे ते अगदी लहान, पहिल्याच वर्षी भेटणारे शब्द असतात. ‘ही लिव्ह्ज टू पुणे’, ‘माय मदर इज ऑन द वेल’, ‘द शूज आर इन माय फीट’ अशी वाक्ये चौथीपाचवीच्या वहीत पाहिली म्हणजे मुलाचे लक्ष नाही, किंवा त्याची बुद्धीच बेताची आहे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. वस्तुतः ही तिन्ही वाक्ये विचार करून लिहिलेली आहेत. तो पुण्याला राहतो, आई विहिरीवर आहे, पायात जोडे आहेत, ही निर्दोष मराठी वाक्ये मुलाने एकेक प्रत्यय उचलून इंग्रजीत नेली आहेत. ‘ला’ म्हणजे ‘टू’, ‘वर’ म्हणजे ‘ऑन’, ‘त’ म्हणजे ‘इन’ ही किल्ली त्याला शाळेतच, फळ्यावरच्या शब्दार्थांच्या यादीतून मिळालेली असते. किल्ली खोटी असेल तर कुलूप न उघडल्याचा दोष मुलाला देता येत नाही.

महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांतून २००० सालापासून इंग्रजी हा विषय पहिलीपासून शिकविला जातो. तो शिकविणाऱ्या अनेक शिक्षकांचे स्वतःचे इंग्रजी मात्र पाचवीपासून किंवा त्याहूनही उशिरा सुरू झालेले, आणि भाषांतराच्या मार्गाने पक्के झालेले. त्यामुळे शब्दाला शब्द देण्याची सवय सहजच पुढच्या पिढीकडे जाते. वस्तूंच्या नावांपुरती ती फारशी बाधत नाही. ‘बुक’ म्हणजे पुस्तक हे समीकरण बहुतेक ठिकाणी टिकते. स्थल व दिशा दाखविणाऱ्या शब्दांच्या बाबतीत ते समीकरण पहिल्याच वळणावर मोडते. शिवाय या शब्दांवाचून चार वाक्येही सरळ बोलता येत नाहीत. तालुक्याच्या हायस्कुलात गेल्यावर ‘माय मदर इज ऑन द वेल’ म्हणताच वर्ग हसला, तर ते मूल पुढे इंग्रजी बोलायला तोंड उघडीत नाही. नुकसान होते ते येथे. परीक्षेतला अर्धा गुण त्या मानाने क्षुल्लक होय.

प्रथम नावाचाच घोटाळा पाहावा. मराठीतील ‘वर’, ‘खाली’, ‘कडे’, ‘जवळ’ यांना शब्दयोगी अव्यये म्हणतात, आणि इंग्रजीतील या शब्दांनाही आपल्या पुस्तकांतून तेच नाव दिले जाते. मराठीत ती नामाच्या मागून येतात आणि बहुधा त्याला जोडूनच लिहिली जातात. इंग्रजीत ती नामाच्या आधी येतात. ‘प्रिपोझिशन’ या नावाचा मूळ अर्थच ‘आधी ठेवलेला’ असा आहे. ज्या मुलांची घरची बोली अहिराणी, भिली, गोंडी किंवा कोरकू असते, त्यांच्या भाषांतही हे शब्द वा प्रत्यय नामानंतरच येतात, म्हणून ही अडचण त्यांनाही सारखीच. यावर उपाय सोपा आहे. ‘ऑन’ हा शब्द सुटा शिकवूच नये. ‘ऑन द टेबल’ हे तीन शब्द एका श्वासात, एकच शब्द असल्यासारखे म्हणवून घ्यावेत, कारण मराठीतील ‘टेबलावर’ हाही एकच शब्द आहे. कान एकदा त्या गटाला सरावला की क्रम आपोआप बसतो आणि मधला ‘द’ गळण्याची खोडही बरीच कमी होते.

खरी अडचण अर्थाची आहे. मराठीतील ‘वर’ हा शब्द फार कामसू आहे. पुस्तक टेबलावर असते, पंखा डोक्यावर फिरतो, घार गावावर घिरट्या घालते, आंबे झाडावर लागतात, कावळाही झाडावरच बसतो, आई विहिरीवर जाते आणि वडील कामावर जातात. मराठी मनाला यात काहीच विसंगत वाटत नाही. इंग्रजीत मात्र या सर्वांची वाटणी निरनिराळ्या शब्दांत झालेली आहे आणि तिच्यामागे एक तत्त्व आहे. ‘ऑन’चा गाभा उंची हा नसून स्पर्श हा आहे. एक वस्तू दुसरीच्या पृष्ठभागाला टेकलेली असली की ‘ऑन’. मग तो पृष्ठभाग आडवा असो, उभा असो की उलटा असो. म्हणून टेबलावरचे पुस्तक ‘ऑन द टेबल’, भिंतीला टांगलेला नकाशा ‘ऑन द वॉल’, दाराला लावलेले कुलूप ‘ऑन द डोअर’ आणि छताला खालून चिकटलेली पालही ‘ऑन द सीलिंग’. शेवटच्या तिन्ही ठिकाणी मराठीने ‘ला’ वापरला आहे, ‘वर’ नव्हे, हे शिक्षकाने मुद्दाम दाखवून द्यावे.

उलट डोक्यावरचा पंखा डोक्याला टेकलेला नसतो; तेथे ‘ऑन’ चालणार नाही. तेथे ‘अबव्ह’ किंवा ‘ओव्हर’ हवे. या दोहोंतील भेद प्राथमिक वर्गात फार ताणू नये. इतके पुरे की केवळ उंचीची तुलना असेल तेथे ‘अबव्ह’ येते. कळसूबाईचे शिखर समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर उंच आहे हे सांगताना ‘अबव्ह सी लेव्हल’ असेच म्हणावे लागते. एखादी वस्तू दुसरीला वरून झाकीत असेल किंवा तिच्यावरून पलीकडे जात असेल तर ‘ओव्हर’. बाळाच्या अंगावर घातलेले पांघरूण अंगाला टेकलेले असूनही ‘ओव्हर द बेबी’ होते, कारण तेथे झाकणे महत्त्वाचे. झाडाचे उदाहरण तर मुलांना फार आवडते. आंबे फांद्यांना लागलेले, म्हणून ‘ऑन द ट्री’. कावळा पानांफांद्यांच्या घेरात बसलेला, म्हणून ‘इन द ट्री’. त्याच कावळ्याची एकच फांदी दाखविली तर तो ‘ऑन द ब्रँच’. कावळा हललेला नाही, पाहणाऱ्याची दृष्टी तेवढी बदलली.

विहिरीवर गेलेल्या आईकडे आता वळता येईल. ‘ऑन द वेल’ वाचून इंग्रजी जाणणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ती कठड्यावर चढून बसल्याचे चित्र येते. मराठीचा हा ‘वर’ पृष्ठभागाचा नाहीच. तो ठिकाणाचा आहे. नळावर, हापशावर, स्टँडवर, कामावर, चावडीवर हे सारे त्याच जातीचे, आणि त्यांना इंग्रजीत ‘ॲट’ लागते. ‘ॲट’ म्हणताना बोलणारा त्या जागेची लांबी-रुंदी-खोली मनात आणीत नाही. नकाशावरच्या ठिपक्याप्रमाणे एक ठिकाण एवढेच तिच्याकडे पाहतो. ‘दारात उभा आहे’ यातील ‘त’ आणि ‘घरी आहे’ यातील सप्तमीचा ‘ई’ हेही बहुधा ‘ॲट’नेच सांगावे लागतात : ‘ॲट द डोअर’, ‘ॲट होम’. वर, त आणि ई असे तीन मराठी वेष एकाच इंग्रजी शब्दाला आहेत. यामुळेच ‘ॲट म्हणजे काय’ या मुलाच्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही, आणि देऊही नये.

येथे एका जुन्या नियमाचा समाचार घेणे अवश्य आहे. गाव लहान असेल तर ‘ॲट’ आणि शहर मोठे असेल तर ‘इन’, असे अनेक मार्गदर्शक पुस्तकांतून सांगितलेले आढळते. नियम पाठ करायला सोपा, परंतु फसवा आहे. मुंबई-पुणे लोहमार्गावरील कर्जत घ्यावे. गाडी थांबते ती ‘ॲट कर्जत’, कारण प्रवासात कर्जत हा एक थांबा आहे. मामा राहतो तो मात्र ‘इन कर्जत’, कारण तो त्या गावाच्या वस्तीत आहे. गाव तेच आणि तेवढेच. आपले खेडे लहान म्हणून मुलाने ‘आय लिव्ह ॲट’ असेच म्हणावे असा आग्रह धरण्याला मुळीच आधार नाही. त्याने निःशंकपणे ‘आय लिव्ह इन’ म्हणावे.

‘त’ या प्रत्ययाचीही अशीच गंमत आहे. पायात काटा रुततो आणि पायात चप्पलही असते. पहिला पायाच्या मांसात शिरलेला, म्हणून ‘अ थॉर्न इन माय फूट’. दुसरी पायावर बाहेरून चढविलेली, म्हणून ‘ऑन माय फीट’. बोटात अंगठी, हातात बांगड्या याही इंग्रजीत ‘ऑन’. गळ्यात माळ असेल तर ती गळ्याभोवती, ‘राउंड द नेक’. परंतु हातात काठी असेल तर ती मुठीत, म्हणून ‘इन द हँड’. मराठी माणूस अंगावरच्या वस्तूंकडे अंगाने त्यांना सामावून घेतल्याच्या दृष्टीने पाहतो, इंग्रजी माणूस त्या वस्तू अंगाला लागल्याच्या दृष्टीने पाहतो. दोन्ही दृष्टी आपापल्या जागी ठीक आहेत. ‘शूज इन माय फीट’ लिहिणाऱ्याला हसण्याऐवजी फळ्यावर पायात घुसलेल्या बुटाचे चित्र काढून दाखवावे. हसायचे ते मूल स्वतःच हसेल आणि चूक पुन्हा करणार नाही.

काही जोड्या मराठीत व इंग्रजीत चांगल्या जुळतातही, त्यांचा लाभ घ्यावा. खोलीच्या कोपऱ्यात केरसुणी असते आणि रस्त्याच्या कोपऱ्यावर दुकान असते. मराठीने केलेला हा भेद इंग्रजीतही आहे : ‘इन द कॉर्नर’ आणि ‘ॲट द कॉर्नर’. वहीत आणि फळ्यावर, चित्रात आणि पानावर या जोड्याही सरळ ‘इन’ आणि ‘ऑन’ने जातात. शाळेसमोर देऊळ आहे हे सांगताना मात्र जरा थांबावे. मध्ये रस्ता असून दोन्ही इमारती एकमेकींकडे तोंड करून असतील तर ‘ऑपोझिट’ अधिक नेमके. रांगेत एका मुलापुढे दुसरा उभा असेल तर ‘इन फ्रंट ऑफ’.

भूगोलाच्या तासाला या शब्दांची उत्तम उजळणी होते. पंढरपूर भीमेच्या काठी, वाई कृष्णेच्या काठी, नाशिक गोदावरीच्या काठी. इंग्रजीत ‘पंढरपूर इज ऑन द भीमा’ असे म्हणतात. गाव नदीवर तरंगते की काय, असा प्रश्न एखादे चौकस मूल विचारील, आणि तो विचारला गेला तर शिक्षकाने आनंदच मानावा. गावाची कड नदीच्या रेघेला टेकलेली आहे, म्हणून ‘ऑन’; स्पर्शाचेच तत्त्व पुन्हा आले. दिशांविषयी ‘उत्तरेला’ या एका शब्दाचे दोन अर्थ वेगळे करावेत. धुळे महाराष्ट्राच्या उत्तर भागात आहे, म्हणून ‘इन द नॉर्थ ऑफ महाराष्ट्र’. मध्य प्रदेश महाराष्ट्राच्या बाहेर उत्तरेकडे आहे, म्हणून ‘टू द नॉर्थ ऑफ महाराष्ट्र’. नकाशावर बोट ठेवून म्हटले की दोन मिनिटांत उमगते.

आता स्थल सोडून दिशेकडे यावे. ‘मुलगा शाळेत आहे’ आणि ‘मुलगा शाळेत गेला’ या दोन वाक्यांत ‘शाळेत’ हे रूप बदललेले नाही. ‘पुण्याला राहतो’ आणि ‘पुण्याला गेला’, ‘आजीकडे आहे’ आणि ‘आजीकडे गेला’ यांतही तेच. मराठीत स्थिरता की गती हे क्रियापद सांगते, नामाच्या रूपावर तो भार नाही. इंग्रजी तो भार बहुतांशी या लहान शब्दांवर टाकते : ‘ॲट स्कूल’ पण ‘टू स्कूल’, ‘इन पुणे’ पण ‘टू पुणे’. मराठी मुलाला हा भेद नवा आहे. त्याच्या भाषेने त्याला तो कधी करायला लावलेला नाही. ‘लिव्ह्ज टू पुणे’ आणि ‘गोज इन स्कूल’ या दोन्ही चुकांचे मूळ येथे आहे.

याहूनही खोलवर एक गोष्ट आहे आणि ती भाषांतराच्या पुस्तकांत सहसा आढळत नाही. मराठीजवळ शिरणे, निघणे, चढणे, उतरणे, ओलांडणे अशी क्रियापदे आहेत. दिशा त्यांच्या पोटातच असते. चालण्याचा प्रकार सांगायचा असेल तर मराठी तो निराळा जोडते : धावत आत शिरला, रांगत बाहेर आले, लंगडत रस्ता ओलांडला. इंग्रजीची नेहमीची रीत उलटी आहे. ती प्रकार क्रियापदात घालते आणि दिशा अव्ययात : ‘ही रॅन इंटू द रूम’, ‘द बेबी क्रॉल्ड आउट ऑफ द रूम’, ‘ही लिम्प्ड अक्रॉस द रोड’. मराठीतले क्रियापद इंग्रजीत अव्यय होते आणि मराठीतले धावत-रांगत इंग्रजीत क्रियापद होते. हे एकदा ध्यानात आले म्हणजे ही अव्यये वाक्यातले किरकोळ जोडशब्द नसून अर्थाचा निम्मा भार वाहणारे आहेत हे पटते. ‘ही रॅन इन द रूम’ म्हटले तर तो खोलीतल्या खोलीत धावत होता. ‘इंटू’ म्हटले तर बाहेरून आत आला. चोर घरात शिरला की घरातच पळत होता, एवढा हा फरक आहे.

मराठीही दिशा दाखविताना एका ठिकाणी मोठी नेमकी होते, हे सांगितले नाही तर अन्याय होईल. ‘पुलाखाली’ आणि ‘पुलाखालून’ हा भेद मराठी करते. इंग्रजीत होडी पुलाखाली थांबली तरी ‘अंडर द ब्रिज’ आणि पुलाखालून गेली तरी ‘अंडर द ब्रिज’. हा ‘ऊन’ मार्ग दाखवितो. परंतु त्याचेही इंग्रजी एक नाही. घोड्यावरून पडला तर ‘ऑफ द हॉर्स’, झाडावरून पडला तर ‘आउट ऑफ द ट्री’ किंवा ‘फ्रॉम द ट्री’, विमान गावावरून गेले तर ‘ओव्हर द व्हिलेज’, मिरवणूक शाळेवरून गेली तर ‘पास्ट द स्कूल’, आणि मामा सायकलवरून आला तर नुसते ‘ऑन अ बायसिकल’. ‘तून’चेही तसेच. रानातून गेला तर झाडे दोन्ही बाजूंनी आणि डोक्यावरही, म्हणून ‘थ्रू’; मोकळ्या मैदानातून एका कडेपासून दुसऱ्या कडेला गेला तर ‘अक्रॉस’. बोरघाटातील लोहमार्ग १८६३ साली वाहतुकीस खुला झाला; त्या घाटातून जाणारी गाडी बोगद्यांतून जाते, म्हणून ‘थ्रू द टनेल्स’. ‘रस्त्याने चालला’ यात तृतीयेचा ‘ने’ पाहून मुले ‘बाय द रोड’ लिहितात. तेथे ‘अलाँग द रोड’ हवे.

काही ठिकाणी इंग्रजी मुळीच अव्यय घेत नाही आणि मराठीच्या प्रत्ययामुळे मुले ते घालतात. ‘पुण्याला पोहोचला’ म्हणजे ‘रीच्ड पुणे’, मध्ये ‘टू’ नाही. ‘खोलीत प्रवेश केला’ म्हणजे ‘एन्टर्ड द रूम’. ‘घरी गेला’ म्हणजे ‘वेंट होम’. ‘हिअर’ आणि ‘देअर’ यांच्याआधीही ‘टू’ नको. ‘माझ्याजवळ पेन आहे’ याचे ‘अ पेन इज निअर मी’ होत नाही. तेथे जवळपणा नसून मालकी आहे, म्हणून ‘आय हॅव अ पेन’. आणि कुत्र्याला दगड मारला तर ‘ॲट द डॉग’, पण मित्राकडे झेलण्यासाठी चेंडू टाकला तर ‘टू माय फ्रेंड’. ‘ॲट’मध्ये नेम धरण्याचा भाव आहे, ‘टू’मध्ये पोहोचविण्याचा. चंद्राकडे पाहणे ‘ॲट द मून’ होते ते याच कारणाने.

हे सर्व मुलांना सांगायचे नाही. हे शिक्षकाने जाणायचे आहे. मुलांपुढे न्यायचे ते कृतीतून. हॅरल्ड पामर हे इंग्रज भाषाशिक्षणतज्ज्ञ १९२२ पासून १९३६ पर्यंत जपानमध्ये होते. जपानीतही असे शब्द नामानंतर येतात. कृती करवून, तिच्याबरोबरच वाक्य बोलवून इंग्रजी शिकविण्याविषयी त्यांचे पुस्तक १९२५ साली निघाले. त्या पद्धतीला साहित्य काहीच लागत नाही. तांब्या, वाटी, खडूची पेटी, टोपी आणि चेंडू एवढ्यावर दोन महिन्यांचे पाठ होतात.

आरंभी ‘इन’ आणि ‘ऑन’ दोनच घ्यावेत. वस्तू ठेवून मराठीत एकच प्रश्न विचारावा : चारी बाजूंनी वेढले आहे, की नुसते टेकले आहे? उत्तर मुलांनी हाताने दाखवावे, मग इंग्रजी वाक्य म्हणावे. ‘ॲट’ त्याच आठवड्यात आणू नये. तिन्ही एकदम फळ्यावर मांडून दिले म्हणजे मुले तीन महिने त्यांची अदलाबदल करीत राहतात. ‘अंडर’, ‘बिहाइंड’, ‘निअर’, ‘बिट्वीन’ सोपे आहेत. त्यांच्यावर वेळ घालविण्याचे कारण नाही.

त्यानंतर गती आणावी आणि ती नेहमी परिणामासह आणावी. मुलगा पेटीत चेंडू टाकताना म्हणेल ‘आय ॲम पुटिंग द बॉल इंटू द बॉक्स’, आणि वर्ग म्हणेल ‘नाउ द बॉल इज इन द बॉक्स’. काढताना ‘आउट ऑफ द बॉक्स’. या रीतीने तीन कुळे उभी राहतात. ‘इंटू’ने गेलेली वस्तू ‘इन’ राहते आणि ‘आउट ऑफ’ने निघते, ‘ऑन्टू’ने चढलेली ‘ऑन’ राहते आणि ‘ऑफ’ने उतरते, ‘टू’ने पोहोचलेली ‘ॲट’ राहते आणि ‘फ्रॉम’ने परतते. जाणे, असणे, निघणे असा हा क्रम आहे, आणि तो शब्दार्थांच्या यादीपेक्षा फार अधिक काळ स्मरणात राहतो. एस.टी.त चढणे-उतरणे तेवढे निराळे सांगावे : मोठ्या गाडीला ‘गेट ऑन’ आणि ‘गेट ऑफ’, रिक्षाला किंवा मोटारीला ‘गेट इंटू’ आणि ‘गेट आउट ऑफ’. मार्गाचे शब्द, म्हणजे ‘थ्रू’, ‘अक्रॉस’, ‘अलाँग’, ‘पास्ट’, यांना यानंतरच हात घालावा.

त्यांच्यासाठी शाळेचे अंगण पुरेसे आहे. फक्कीने जमिनीवर गावाचा नकाशा काढावा : नदी, पूल, रस्ता, देऊळ, पार, स्टँड, शाळा. एक मूल चालेल आणि दुसरे त्याला इंग्रजीतून वाट सांगेल. ‘गो अलाँग द रोड, गो अक्रॉस द ब्रिज, गो पास्ट द टेंपल, गो इंटू द स्कूल.’ चालणाऱ्याने जे ऐकले तेच करावयाचे, मनाने दुरुस्ती करावयाची नाही, हा नियम कडक असावा. ‘अक्रॉस द ब्रिज’ऐवजी ‘अंडर द ब्रिज’ म्हटले की चालणारा नदीत उतरतो आणि सांगणाऱ्याला आपली चूक कोणी न सांगता कळते. दोन शिक्षकी शाळेत शिक्षक पहिली-दुसरीला घेऊन बसला असता चौथीच्या मुलांना हा खेळ आपापला चालविता येतो, हा त्याचा आणखी एक लाभ.

राहता राहिली परीक्षा. रिकाम्या जागा भरा या प्रश्नात ‘द बॉय इज … द बस’ असे वाक्य दिले असेल आणि उत्तर ‘इन’च धरले असेल, तर ‘ऑन’ लिहिणाऱ्या मुलाचा गुण कापणे चुकीचे आहे. दोन्ही शुद्ध आहेत. ‘पुट द बॉल इन द बॉक्स’ आणि ‘इंटू द बॉक्स’ यांचेही तसेच. ‘पुट’नंतर गती असूनही ‘इन’ सर्रास चालते. वाक्याच्या वर लहानसे चित्र दिले तर प्रश्न निश्चित होतो. चित्र काढणे शक्य नसेल तर प्रश्न दोन वाक्यांचा करावा : ‘ही वॉज आउटसाइड. ही रॅन … द रूम.’ येथे ‘इन’ लिहिणाऱ्याला भेद उमगलेला नाही हे खात्रीने म्हणता येते. वहीतील चूक सुधारताना योग्य शब्द तांबड्या शाईने वर लिहून देण्यापेक्षा, मुलाने जे लिहिले आहे त्याचे दोन रेघांचे चित्र समासात काढावे आणि वाक्य त्यालाच पुन्हा लिहावयास सांगावे. वेळ थोडा अधिक जातो. परंतु एका वहीत एकाच जातीची चूक तीनदा दिसली तर एकीचेच चित्र काढून बाकीच्या दोन मुलाला शोधावयास सांगितल्याने तो भरून निघतो.